घरी शिकणाऱ्या मुलींचा उन्हाळा: वाचनालयाचा निधी, मैत्रिणी आणि आजोळची वाट

नाशिकहून एका आईनं विचारलंय. दोन मुली, एक नऊ वर्षांची आणि एक बारा. गेल्या जूनपासून दोघी शाळेत न जाता घरीच शिकतायत. आजोळ करमाळा तालुक्यातल्या एका गावात. तिथल्या वाचनालयात लहान मुलांसाठी काहीच नाही हे दिवाळीत पाहिल्यापासून मुलींनी निधी जमवायचं मनावर घेतलंय. शिवाय शाळेतल्या मैत्रिणी तुटल्याची खंत आहे, आणि उन्हाळ्यात कुठेतरी फिरून यायचीही इच्छा आहे. हे सगळं एका सुट्टीत कसं बसवायचं, अभ्यास मागे पडेल का, लोकांकडून पैसे घ्यायचे तर नियम काय, असे त्यांचे प्रश्न आहेत.

माझी दोन्ही मुलं शाळेबाहेर वाढली आणि पुण्यात आम्ही काही कुटुंबं मिळून उन्हाळ्यात असं एखादं काम हाती घेत आलो. त्यावरून लिहिते.

ताई, आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. निधी, मैत्री आणि प्रवास ही तीन वेगळी कामं धरलीत तर तुमची नुसती धावपळ होईल आणि तिन्ही अर्धवट राहतील. हे एकच काम आहे. पैसे ज्या गावासाठी जमवायचे त्याच गावाला जायचं, आणि ज्या मुलांबरोबर राबायचं त्यांच्याशीच मैत्री होऊ द्यायची. दोन मुलींना समोरासमोर बसवून ‘खेळा आता’ म्हटलं की त्या अवघडतात. त्याच दोघी रद्दीचा गठ्ठा दोन टोकांना धरून जिना उतरल्या की खाली पोचेपर्यंत बोलायला लागलेल्या असतात.

आणि तुमच्यासारख्या घरांसाठी उन्हाळ्याचं महत्त्व आणखी एका कारणानं आहे. वर्षभर शाळेतली मुलं शाळा, शिकवणी, स्पर्धा यांत अडकलेली असतात. तुमच्या मुली दुपारी मोकळ्या असतात तेव्हा गल्लीत कोणी नसतं. एप्रिलअखेर परीक्षा संपल्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सगळी मुलं एकाच वेळी मोकळी असतात. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी मैत्रीचा हंगाम हाच. म्हणून या काळात फक्त घरी शिकणाऱ्या कुटुंबांचा वेगळा गट करू नका. सोसायटीतली, जुन्या वर्गातली, शेजारच्या चाळीतली, जी येतील ती मुलं घ्या. सहा-सात जणांचा गट पुरे, त्याहून मोठा झाला की मोठ्यांनाच तो चालवावा लागतो.

सुरुवात मात्र पैशांपासून करू नका, गावाला विचारण्यापासून करा. मुलींनी स्वतः ग्रंथपालांना फोन करावा, तुम्ही शेजारी बसा. प्रश्न आधी वहीत लिहून ठेवायचे: वाचनालय किती वाजता उघडतं, मुलं कधी येतात, आली तर कुठे बसतात, आहेत ती पुस्तकं कोण नेतं, तुम्हाला काय हवंय. आमच्या गटानं एका गावाला हे विचारलं तेव्हा उत्तरात पुस्तकांचा उल्लेखच आला नाही. मुलं येतात ती संध्याकाळी, तेव्हा आत अंधार असतो आणि उकडतं, त्यामुळे एक ट्यूबलाइट, एक पंखा आणि बसायला सतरंजी हवी, असं ग्रंथपाल म्हणाले. मुलांचे चेहरे जरा उतरले, कारण पुस्तकांची यादी करून तयार होती. पण पंखा बसल्यावर मुलं टिकून बसायला लागली, आणि मग पुस्तकं कुठली हवीत हे त्याच मुलांना विचारता आलं.

याच फोनमध्ये वाचनालय नोंदणीकृत आहे का आणि कोणत्या वर्गात आहे तेही विचारून घ्या. ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम’ १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालयं अ, ब, क आणि ड अशा वर्गांत मोडतात, त्यात ड वर्ग सगळ्यात लहान. मान्यता असेल तर त्यांना शासनाचं अनुदान असतं, कार्यकारी मंडळ असतं, बँकेत खातं असतं. ग्रामपंचायतीच्या एका खोलीत कोणीतरी हौसेनं चालवलेलं वाचनालय असेल तर यातलं काहीच नसेल. पुढचा सगळा व्यवहार यावर ठरतो, म्हणून ही माहिती पहिल्याच दिवशी हवी.

वाचनालय कसं चालतं हे मुलींनी डोळ्यांनी पाहिलेलं असावं. तुम्ही तर नाशिकमध्येच आहात. तिथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. एक सकाळ तिथे काढा, देवघेव कशी होते, दाखलनोंद कशी करतात, फाटकी पुस्तकं कोण बांधतं, ते विचारा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजनाही नाशिकचीच. पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत फिरत राहतात आणि ठरावीक काळानं बदलल्या जातात. आजोळच्या गावात जागा अपुरी असेल तर मुलांच्या पुस्तकांची एक फिरती पेटी हा फार चांगला उपाय आहे. पाचगणीजवळच्या भिलारला ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं, तिथे गावातल्या घरांमधूनच पुस्तकं ठेवलेली आहेत. वाचनालयाला इमारत लागतेच असं नाही हे मुलांना अशा उदाहरणांवरून पटकन उमगतं, आणि मग निधीचा आकडाही आवाक्यात येतो.

आता आकडा. ‘जमेल तेवढे जमवू’ असं म्हणू नका. लोखंडी कपाटाची किंमत दुकानात जाऊन विचारायची, पंख्याची विचारायची, वायरमनची मजुरी विचारायची, पुस्तकांवर किती सूट मिळते ते विक्रेत्याला विचारायचं, आणि मग बेरीज. देणाऱ्यालाही ‘वाचनालयाला मदत करा’पेक्षा ‘पंख्यासाठी एवढे कमी पडतायत’ हे कळतं.

पैसे उभे करायचे दोन मार्ग मला सगळ्यात चोख वाटतात, रद्दी आणि उन्हाळी वाळवण. वर्गणी तिसरी, आणि तीही ओळखीपुरतीच.

वाळवणाचं आधी सांगते, कारण त्याला मुहूर्त चुकवून चालत नाही. नाशिक-खानदेशात आखाजीला आमरस-पुरणपोळीबरोबर कुरडई तळली जाते. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक अक्षय्य तृतीयेच्या आधी तयार असतं. हे काम तुम्ही एकट्या करू नका. जवळच्या महिला बचत गटाला गाठा. अन्नपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, तात्पुरत्या स्टॉललाही लागते. पापड-कुरडया विकणाऱ्या गटाकडे ती असते, नसेल तर आधी ती काढून घ्यायची. त्या बायकांची मजुरी आधी ठरवा आणि ती हिशेबात पहिल्या ओळीत लिहा. चांगल्या कामासाठी आहे म्हणून त्यांना फुकट राबवू नका. मुलींनी त्यांच्या हाताखाली शिकायचं.

कुरडईसारखा धडा मला दुसरा माहीत नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. बदललं नाही तर वास सुटतो, आणि नऊ वर्षांच्या मुलीला ही जबाबदारी दिली की ती सकाळी उठल्या उठल्या आधी पातेल्याकडे जाते. मग गहू वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. सकाळी वरचं पिवळट पाणी अलगद ओतून टाकलं की तळाशी पांढराशुभ्र घट्ट चीक बसलेला दिसतो. तो मोजून घ्यायचा, कारण पाण्याचं माप त्यावरून ठरतं. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात चीक ओतताना एकानं ओतायचं आणि दुसऱ्यानं हात न थांबवता घोटायचं, नाहीतर गाठी होतात. हे काम मोठ्यांचंच. शिजत आला की त्याला चकाकी येते. गरम असतानाच सोऱ्यात भरायचा, गार झाला की दाबता दाबत नाही. गच्चीवर स्वच्छ प्लॅस्टिक अंथरून मुलांनी कुरडया घालाव्यात. पहिल्या वेड्यावाकड्या होतात, होऊ द्या. वाटीभर गरम चीक दूध-गूळ घालून मुलांसाठी बाजूला काढायला विसरू नका, गटात नव्यानं आलेलं मूल तिथेच रुळतं.

दोन कडक उन्हं मिळाली की खरा हिशेब सुरू होतो. किती किलो गव्हातून किती किलो कुरडई निघाली ते वजन करून लिहायचं. गहू, मीठ, गॅस, पिशव्या, मजुरी, दळायला दिलं असेल तर गिरणीचे पैसे, सगळं धरून पाव किलोचा खर्च काढायचा. तुटलेल्यांचं काय करायचं हा प्रश्न मुलं स्वतःहून काढतात. चुरा वेगळा भरून कमी भावात द्यावा, भाजीत घालायला लोक आवर्जून नेतात. भाव किती ठेवायचा यावर वाद झाला तर होऊ द्या. ‘चांगल्या कामासाठी आहे, जास्त लावू’ असं कोणीतरी म्हणतंच. बाजारभावाच्या आसपासच ठेवा असं माझं ठाम मत आहे. माल भावाला योग्य असेल तर माणूस पुढच्या वर्षी स्वतःहून विचारतो. पन्हं, सरबत, बर्फगोळा या वाटेला मात्र जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये पाणी आणि बर्फ कुठून आला याची खात्री देता येत नाही, आणि एका मुलाचं पोट बिघडलं तरी सगळ्यांचं काम थांबतं.

या कामात शाळेतल्या मुलांची परीक्षा आडवी येते, म्हणून त्यांना रविवारी बोलवा. रद्दीला मात्र सगळा गट हाताशी असतो. परीक्षा संपल्या की घराघरांत वह्या, गाईडं, वर्षभराची वर्तमानपत्रं पडून असतात. रद्दीची गंमत ही की देणाऱ्याला खिशात हात घालावा लागत नाही, उलट त्याचं घर मोकळं होतं, त्यामुळे ‘नाही’ म्हणणारा विरळा. आठवडाभर आधी प्रत्येक इमारतीत मुलांच्या हातची चिठ्ठी लावा: कोण, कशासाठी, कोणत्या वारी, किती वाजता. सकाळी सात ते दहा एवढंच काम करा, त्यानंतरचं ऊन मुलांना सोसवत नाही. मुलं दोघादोघांनी जातील, दारातच उभी राहतील, कोणाच्या घरात जाणार नाहीत, आणि खाली एक मोठं माणूस असेल, हे नियम आधीच सांगून ठेवा आणि त्यात सूट देऊ नका.

गठ्ठे बांधण्याआधी वह्यांची कोरी पानं काढून घ्या. एका शाळकरी मुलाच्या वर्षाच्या वह्यांत कितीतरी पानं कोरी सापडतात. ती एकसारखी कापून, दाभणानं भोकं पाडून, जाड दोऱ्यानं शिवली की नवी वही तयार होते, वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर. आमच्याकडे ज्या मुलाचं कोणाशी पटत नसे तो या शिवणकामात असा रमला की बाकीची मुलं त्याच्याकडे शिकायला बसू लागली. रद्दी विकण्याआधी घरच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. दुकानातल्या काट्यावर फरक पडला तर बारा वर्षांच्या मुलीनं तो आकडा दाखवून नम्रपणे विचारायचं. बाजारात नम्रपणे आणि ठामपणे बोलायला कुठल्याच पुस्तकातून येत नाही.

रद्दीबरोबर लोक जुनी पुस्तकंही देतात. त्यांतली बरीच जुन्या अभ्यासक्रमाची, कालबाह्य स्पर्धा परीक्षांची असतात. ती गावाला पाठवू नका. ज्याला आपण हात लावणार नाही ते गावातल्या मुलांना पुरेल असं समजणं मला अपमानास्पद वाटतं. देणाऱ्याला विचारून ती रद्दीतच घाला. मुलांसाठी नवी पुस्तकं घ्या, मोठ्या अक्षरांची, चित्रांची, आणि निवड तुमच्या मुलींनी आणि गावातल्या मुलांनी मिळून करू द्या.

आता पैशांचे नियम. यात ढिलाई नको. नोंदणीकृत न्यास नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं आणि नंतर हिशेबही द्यावा लागतो. गणेशोत्सवाआधी मंडळं जी परवानगी काढतात ती हीच. तुम्ही या फंदात न पडता सोपा रस्ता धरा. गावचं वाचनालय नोंदणीकृत असेल तर त्यांच्या कार्यकारी मंडळाला विनंतीपत्र लिहा, त्यांची पावती पुस्तकं घ्या आणि ऑनलाइन देणाऱ्याला त्यांच्याच खात्याचा क्यूआर कोड द्या. तुमच्या स्वतःच्या खात्यात एक रुपयाही येऊ देऊ नका. तुमच्यावर कोणाचा विश्वास नाही म्हणून हे सांगत नाही. मुली हे बघत असतात, आणि लोकांचा पैसा वेगळा ठेवायचा असतो हे त्यांच्या अंगवळणी याच वयात पडतं. वाचनालय नोंदणीकृत नसेल तर वर्गणी मागूच नका, कुरडया आणि रद्दी एवढ्यावर भागवा आणि रोख देण्याऐवजी पंखा, कपाट, पुस्तकं अशा वस्तू द्या.

आयकरातल्या सवलतीबद्दल कोणीतरी विचारेलच. देणगीवरच्या सवलतीसाठीची (८० जी म्हणून ओळखली जाणारी) नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवरच ती मिळते, आणि रोख दिलेली रक्कम २,००० रुपयांच्या वर असेल तर मिळत नाही. लहान वाचनालयांकडे ही नोंदणी बहुधा नसते, तेव्हा मुलींनी सरळ ‘नाही’ सांगावं. परदेशातल्या नातेवाइकांचंही बघा. ‘मामा डॉलर पाठवतो म्हणतोय’ हे प्रत्येक गटात होतं. मामाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. तो अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगीच ठरते, आणि विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी नसलेल्या वाचनालयाला ती घेता येत नाही. अशा मामाला सुट्टीत इकडे आला की मुलांना गोष्ट वाचून दाखवायला बोलवा.

हिशेबाची वही मुलींची. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, रोज संध्याकाळी शिल्लक. रोकड डबा दोघींनी मिळून उघडायचा, मोजायचा आणि दोघींनी सही करायची. शिल्लक जुळली नाही तर तुम्ही आपल्या पर्समधून भर घालू नका. शोधू द्या, वेळ लागला तरी चालेल. बहुतेक वेळा सुट्टे दिलेले लिहायचे राहिलेले असतात. नऊ वर्षांच्या मुलीची बेरीज-वजाबाकी आणि बारा वर्षांच्या मुलीची टक्केवारी या एका वहीत पक्की होते.

अभ्यास मागे पडेल का, याचं उत्तर खरं तर इथेच मिळतं. तरी परीक्षेची काळजी असेल तर सांगते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमच्या मोठीला वेळ आहे. त्याआधी एखादं प्रमाणपत्र हाताशी असावं असं वाटलं तर एनआयओएसची मुक्त मूलभूत शिक्षणाची तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीची परीक्षा आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हणतं, मात्र त्यात पालकाला दंडाची तरतूद नाही. गावात आणि एसटीत ‘कितवीत आहेस बाळ?’ हा प्रश्न शंभरदा येणार. मुलींना भाषण पाठ करायला लावू नका. ‘मी घरी शिकते, आत्ता वाचनालयाचं काम करतेय’ एवढं पुरतं, आणि पुढचा प्रश्न आपोआप वाचनालयाबद्दल येतो.

प्रवास मेमध्ये करा, काम अर्ध्यावर आलेलं असताना. सगळे पैसे जमल्यावर वाजतगाजत द्यायला जाऊ नका. अर्ध्यात गेलात की गावातली मुलंही त्यात हात घालू शकतात. एसटीनंच जा. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांनाही एसटीत निम्मं भाडं आहे. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार आणि सात दिवसांचा पासही असतो. तुमच्या तिघींसाठी पास स्वस्त की अर्धी तिकिटं, हे गणित मुलींना आगारात पाठवून, भाव विचारून सोडवायला द्या. माझा अंदाज अर्ध्या तिकिटांच्या बाजूचा आहे. पहाटेची गाडी धरा, नगरला बदला, ऊन चढायच्या आत जेवढा रस्ता कापता येईल तेवढा कापा.

आजोळी पोचल्यावर दोन-तीन दिवस कामाचं नावही काढू नका. विहिरीवर, आमराईत, ओट्यावर गावातल्या मुली तुमच्या मुलींना पाहून घेतील. हे फार महत्त्वाचं आहे. शहरातून मदत घेऊन आलेल्या पाहुण्या म्हणून त्या गेल्या तर मैत्री होत नाही, एक घेणारी आणि एक देणारी होते. पाठीला डबा बांधून विहिरीत उडी कशी मारायची हे तिथली दहा वर्षांची पोर शिकवते तेव्हा तुमची बारा वर्षांची शिष्य असते. मग निधीतही गावच्या मुलांचा वाटा हवाच. मेअखेरीपासून निंबोळ्या पिकून पडायला लागतात. सकाळी झाडाखाली झाडून घ्यायचं, निंबोळ्या वेचायच्या, गर काढून धुवायच्या, सावलीत वाळवायच्या. अर्क काढणारे आणि व्यापारी त्या विकत घेतात. कोणी चिंचा फोडून देईल. त्यातून आलेले पैसे थोडे असले तरी त्याच वहीत, त्या मुलांच्या नावानं जमा करा, आणि कपाटात कुठली पुस्तकं यावीत हे ठरवायला त्यांचं मतही तेवढंच मोजा.

एक-दोन दिवस आसपास फिरवा. करमाळ्याची कमलाभवानी आणि तिथली शहाण्णव पायऱ्यांची म्हणून प्रसिद्ध असलेली विहीर मुलांना मोजून बघायला फार आवडते. तालुक्यातल्या केम गावात कुंकू तयार होतं, ओळखीनं आत जाऊन बघता आलं तर बघा. आणि उजनी चुकवू नका. भीमेवरच्या या धरणाच्या पाण्यात कितीतरी गावं गेली. पाणी खूप उतरलं की इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. भिगवणच्या बाजूला उथळ पाण्यात उन्हाळ्यातही रोहित पक्षी दिसतात, सकाळी लवकर नाव करून जायचं. तुमच्या आईकडच्या कोणाचं गाव किंवा जमीन पाण्यात गेली असेल तर त्या आजी-आजोबांना मुलींसमोर बोलतं करा. विस्थापितांची नवी गावठाणं, कालव्यानं आलेला ऊस, पाणी कोणाला मिळालं आणि कोणाला नाही, हा सगळा भूगोल त्यांच्या आठवणींत आहे. मुलींनी तो लिहून घेतला, आजी-आजोबांना वाचून दाखवला आणि त्यांनी हो म्हटलं, तर त्याची एक प्रत वाचनालयात ठेवता येईल. गावच्या वाचनालयात गावाबद्दलचं लिखाण फार कमी असतं.

भांडणं होतील. डबा कोणी सांभाळायचा, कोण उशिरा आलं, कोणाच्या इमारतीतून रद्दी जास्त आली. तुम्ही न्यायाधीश होऊ नका. आम्ही एवढंच करायचो: काम थांबवायचं, सगळ्यांना गोल बसवायचं, प्रत्येकानं एकदा बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. शाळेत भांडणातून मधल्या सुट्टीपुरती तरी वाट निघते, घरी शिकणाऱ्या मुलांना समवयस्कांशी बिनसलं तर निस्तरायची सवय कमी असते. म्हणून भांडण झालं की घाबरून मुलीला घरी आणू नका. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा पाठवा.

जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात आणि गट फुटतो. ही वेळ घरी शिकणाऱ्या मुलांना सगळ्यात जड जाते, त्याची तयारी मेमध्येच करा. महिन्यातला एक रविवार ठरवून टाका, त्या दिवशी सगळ्यांनी भेटायचं, गावातून कोणती पुस्तकं हवीत ती यादी फोनवर घ्यायची, पेटीतली पुस्तकं बदलून पार्सल करायची. नुसतं ‘भेटत राहू’ म्हटलं की श्रावण येईपर्यंत कोणी भेटत नाही. हातात काम असलं की भेटतात. गावातल्या मैत्रिणींना मुलींनी पत्र लिहावं, त्यांच्याकडे फोन आईवडिलांचा असतो आणि तो संध्याकाळीच हाती येतो.

शाळा उघडण्याआधी हिशेब मांडून टाका. एका पानावर जमा, खर्च, शिल्लक, काय घेतलं, कुठे बसवलं. ते पान प्रत्येक इमारतीत, जिथे चिठ्ठी लावली होती त्याच जागी लावा, आणि एक प्रत वाचनालयाच्या फलकावर. फोटो टाकायचा तर पंख्याचा, कपाटाचा टाका. गावातल्या मुलांचे चेहरे त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका, आणि तुमच्या मुलींच्या फोटोबरोबर घराचा पत्ता, रोजची वेळ असं काही जाऊ देऊ नका.

आज एवढंच करा: मुलींना वही घेऊन बसवा आणि ग्रंथपालांना फोन लावू द्या. वाचनालयाची नोंदणी आहे का, वर्ग कोणता, खातं कोणाच्या सहीनं चालतं, हे कळलं की मला कळवा. पावती पुस्तक घ्यायचं की नुसत्या कुरडया-रद्दीवर जायचं, ते त्यावरून ठरवू. विनंतीपत्राचा मसुदा मोठीनं आधी स्वतः लिहावा, मी नंतर वाचून देईन.